नवे दुखणे जुन्या खात्यावर नको

घरात एखादे जुने दुखणे मुक्कामाला आले की काही वर्षांत ते घरातल्या माणसासारखेच होऊन जाते. मधुमेह असो, संधिवात असो, दमा असो की मूत्रपिंडाचा विकार, त्याच्या वेळा ठरतात, त्याचे पथ्य स्वयंपाकघराला पाठ होते. त्याच्या गोळ्यांचा डबा देवघराशेजारच्या फळीवर जागा धरून बसतो आणि त्याची फाईल दरवर्षी थोडी जाड होते. पहिल्या वर्षी घाबरलेले घर पाचव्या वर्षी सरावते. हा सराव चांगलाच. त्याशिवाय दीर्घ आजार निभत नाहीत.

पण या सरावातून एक सवय लागते. घरात कोणतीही नवी तक्रार निघाली की ती जुन्या दुखण्याच्या खात्यावर मांडली जाते. पायाला मुंग्या आल्या? साखर वाढली असेल. चक्कर आली? बी.पी.ची गोळी चुकली असेल. अंग आखडले? संधिवातच तो, हवा बदलली की उसळतो. गंमत अशी की दहांतल्या आठ-नऊ वेळा हे निदान बरोबरही निघते आणि त्यामुळे सवय आणखी पक्की होते. उरलेल्या एखाद्या वेळी मात्र ती महागात पडते. अचानक दुखू लागलेला डोळा ही अशीच एक वेळ आहे. डोळा फार मुदत देत नाही. काही विकारांत काही तास आणि काहींत एक-दोन दिवस, एवढ्यावर दृष्टीचा निकाल लागू शकतो.

म्हणून दीर्घ आजार असलेल्या प्रत्येक घराने दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. अचानक दुखू लागलेला डोळा जुन्या आजाराच्या नावावर टाकून स्वस्थ बसायचे नाही, ही पहिली. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना तो जुना आजार घरी ठेवून जायचे नाही, ही दुसरी.

पित्त की काचबिंदू?

एक घर डोळ्यांसमोर आणा. साठी ओलांडलेल्या काकू. मधुमेह बारा वर्षांचा, थोडा दमाही. संध्याकाळी दिवेलागणीनंतर त्यांचे डोके एका बाजूने ठणकू लागते. उजवा डोळा जड होतो. बल्बभोवती रंगीत कडी दिसू लागतात. मग मळमळते, दोनदा उलटी होते. घरातले निदान तयार असते : ‘पित्त झाले.’ सुंठ-साखर दिली जाते, कपाळावर बाम चोळला जातो, दिवा मालवून निजवले जाते. फारच झाले तर कोणी म्हणते, साखर तर कमी झाली नाही ना? ग्लुकोमीटरवर साखर ठीक निघते आणि सगळे निश्चिंत होतात.

हे चित्र काल्पनिक असले तरी नेत्रतज्ज्ञांना फार ओळखीचे आहे. डोळ्याच्या आत सतत एक पाणी तयार होते आणि बुबुळाच्या कडेच्या कोनातून ते निचरून जाते. त्यामुळे डोळ्यातला दाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा एवढा राहतो. काही डोळ्यांत हा कोन मुळातच अरुंद असतो. एखाद्या क्षणी तो बंद पडला की मोरी तुंबावी तसे पाणी तुंबते आणि दाब ४०, ५०, ६० पर्यंत चढतो. हाच काचबिंदूचा तीव्र झटका. त्यात डोळा लाल होतो, बाहुली अर्धवट विस्फारलेली राहते, नजर धुरकट होते. आणि उलट्या इतक्या होतात की रोगी व नातेवाईक दोघेही डोळ्याचे विसरून पोटाचेच बोलत राहतात. दाब असाच राहिला तर डोळ्यामागची नस कायमची दुबळी होते. गेलेली नजर मग परत मिळत नाही.

अरुंद कोनाचे डोळे आशियाई लोकांत अधिक आढळतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, उतारवयात अधिक आणि लांबचे पाहण्यासाठीही ‘प्लस’ नंबर लागणाऱ्यांत अधिक. झटका बहुधा मंद उजेडात येतो, कारण तेव्हा बाहुली मोठी होते. आपल्याकडे त्यात आणखी एका समजुतीची भर पडते : ‘मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू.’ पूर्वीच्या शस्त्रक्रियेला पिकलेला मोतीबिंदू सोयीचा होता. आजच्या शस्त्रक्रियेला तशी वाट पाहावी लागत नाही. उलट पिकत ठेवलेला मोतीबिंदू फुगून तोच कोन बंद करू शकतो. वर्षभर न दुखलेला मोतीबिंदू एका रात्रीत ठणकू लागला, तर ते तो पिकल्याचे शुभवर्तमान नव्हे.

एके काळी या झटक्यावर इलाज नव्हता. बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफ या नेत्रशल्यवैद्याने १८५७ मध्ये बुबुळाचा छोटा भाग कापून काढला की तुंबलेला दाब उतरतो, हे मांडले आणि या आजाराने आंधळे होणे अटळ राहिले नाही. आज औषधांनी दाब उतरवून लेसरने बुबुळाला बारीक छिद्र पाडतात. त्याला काही मिनिटे पुरतात आणि बहुधा रुग्णालयात राहावेही लागत नाही. दुसऱ्या डोळ्यालाही तोच धोका असल्याने त्याचीही अशीच आगाऊ काळजी घेतली जाते. इलाज इतका सोपा असताना रात्र ‘पित्ता’त घालवणे केवढे नुकसानीचे, हे वेगळे सांगायला नको.

दुखरी पाठ, लाल डोळा

आता तरुण घराकडे वळू. तिशीतला एक मुलगा. सकाळी उठल्यावर कंबर लाकडासारखी आखडते आणि चालू-फिरू लागले की सैलावते. अशा मणक्याच्या संधिवाताला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस म्हणतात. त्याचा एचएलए-बी २७ या आनुवंशिक खुणेशी असलेला संबंध १९७३ मध्ये उजेडात आला. या आजाराच्या दर चार रुग्णांमागे साधारण एकाला कधी ना कधी डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज येते. तिला युव्हिआयटिस म्हणतात. एकच डोळा दुखतो, बुबुळाभोवती लाल कडे उमटते, उजेड सहन होत नाही, नजर थोडी धूसर होते. पाठ आणि डोळा यांचा काही संबंध असेल, हे त्या मुलाच्या किंवा त्याच्या आईच्या ध्यानीमनीही नसते. म्हणून ‘डोळे आले’ म्हणून औषधाच्या दुकानातून थेंब आणले जातात.

डोळे येणे आपल्याला चांगले ठाऊक आहे. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदी-पुणे भागासह महाराष्ट्रात त्याची मोठी साथच येऊन गेली. त्यात बहुधा एकामागून एक दोन्ही डोळे चिकटतात, खाजतात, खुपतात, पण चिपडे पुसल्यावर नजर पूर्वीसारखीच असते. डोळा खोलवर दुखत असेल, उजेडाने कळ येत असेल किंवा पुसूनही अंधुकच दिसत असेल, तर ते नुसते ‘डोळे येणे’ समजू नये.

हातापायांच्या सांध्यांचा आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, असणाऱ्यांना आणखी एक विकार गाठू शकतो. डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाला सूज येते. हे दुखणे गिरमिटाने भोक पाडावे तसे असते. रात्री झोपेतून उठवते, कपाळात आणि जबड्यात उतरते. त्याला नुसते थेंब पुरत नाहीत आणि पुष्कळदा शरीरात इतरत्रही संधिवात बळावल्याची ती खूण असते. म्हणजे इथे डोळा जुन्या आजाराचीच तक्रार घेऊन आलेला असतो. पण ‘संधिवातच तो, थांबेल’ म्हणून घरी बसणे इथेही चूकच. संबंध आहे, म्हणूनच तर घाई करायची.

साखर, बुरशी आणि नागीण

मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब होतो, हे आता बहुतेकांनी ऐकलेले असते. पण तो खराब होताना दुखत नाही. दुखू लागतो तो फार उशिरा. रक्तपुरवठा तुटलेल्या डोळ्यात बुबुळावर नव्या, नको त्या रक्तवाहिन्या उगवतात, निचऱ्याचा कोन बुजवतात आणि दाब चढतो. वर्षानुवर्षे पडद्याची तपासणी टळलेल्या मधुमेहीचा डोळा अचानक ठणकला, तर हे कारण मनात आणावेच लागते.

दुसरा धोका २०२१ ने आपल्याला फार क्रूरपणे शिकवला. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रासह देशभर काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे, रुग्ण वाढले आणि त्या वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना हा आजार अधिसूचित करायला सांगितले. त्या रुग्णांत ताब्यात नसलेला मधुमेह आणि स्टिरॉइडचे उपचार ही दोन कारणे पुन्हा पुन्हा दिसली. गाल बधिर होणे, नाक एका बाजूने बंद होणे, दात हलणे, डोळ्याभोवती सूज व वेदना, एकाचे दोन दिसणे अशी सुरुवात होई. जीव वाचवण्यासाठी काहींचा डोळा काढावा लागला. ती लाट ओसरली, पण बुरशी काही करोनाबरोबर आलेली नव्हती. ती आधीही होती आणि आजही बेफाम साखरेच्या शोधात असतेच.

तिसरी आपली नागीण. लहानपणी आलेल्या कांजिण्यांचे विषाणू शरीरात दडून राहतात आणि प्रतिकारशक्ती खालावली की एखाद्या नसेच्या वाटेने वर येतात. वय झालेले, मधुमेही, कर्करोगाचे उपचार घेणारे, मूत्रपिंड बदललेले आणि स्टिरॉइड घेणारे यांना ती अधिक गाठते. कपाळावर एका बाजूला आग, मग फोड आणि नाकाच्या शेंड्यावरही एखादा फोड दिसला, तर डोळ्याला धोका आहे असे समजावे. विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर उत्तम. नेमके हेच तीन दिवस गेरूचा लेप लावण्यात आणि नागिणीचे तोंड-शेपूट जुळते का हे पाहण्यात निघून जातात.

‘कशाला सगळ्यांची झोपमोड?’

उशीर होतो तो काही केवळ अज्ञानामुळे नाही. ज्या माणसाचे दुखणे दहा वर्षे चालू आहे, त्याच्या मनात एक संकोच घर करून असतो. आपल्या गोळ्यांवर दरमहा इतका खर्च होतो, आपल्यामुळे मुलाला रजा टाकावी लागते, सुनेला पथ्याचे वेगळे करावे लागते. त्यात आता हे नवे कुठे काढायचे? रात्री अकरा वाजता डोळा फुटायला आला तरी आई म्हणते, ‘सकाळी बघू, उगाच कशाला सगळ्यांची झोपमोड?’ आणि दिवसभराच्या धावपळीने थकलेल्या मुलाला ते ऐकून मनातून थोडे बरेच वाटते. यात कोणी वाईट नसते. दीर्घ आजाराने घराची सहनशक्ती वाढते, तशी धोक्याची घंटा ऐकण्याची शक्ती बोथट होते, एवढेच.

म्हणून याचा निर्णय रात्री अकराला घ्यायचा ठेवू नये. तो एखाद्या निवांत रविवारी चहा पिताना आधीच घेऊन ठेवावा. आपल्या घरात डोळा अचानक दुखला, लाल झाला आणि अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी, त्याच रात्री जायचे. विचारायचे नाही, वाट पाहायची नाही. नियम आधी ठरलेला असला की आजारी माणसाला मागणी करावी लागत नाही आणि घरातल्यांना उपकारही करावे लागत नाहीत.

दोन डॉक्टरांच्या मधे एक फाईल

आता दुसरी बाजू. मधुमेहाचे डॉक्टर वेगळे, सांध्यांचे वेगळे, डोळ्यांचे वेगळे. यांच्यातला निरोप्या एकच, आणि तो म्हणजे रोगी. डोळ्याच्या डॉक्टरांनी ‘आणखी काही त्रास?’ असे विचारले की आपण म्हणतो, ‘नाही, बाकी ठीक.’ दम्याचा पंप आता इतका अंगवळणी पडलेला असतो की तो ‘त्रास’ वाटतच नाही.

पण त्या एका उत्तरावर बरेच अवलंबून असते. दाब उतरवणारे टिमोलॉलचे थेंब डोळ्यांतून नाकात आणि तिथून रक्तात जातात. दमेकऱ्याचा श्वास त्याने कोंडू शकतो. दाबावरच दिल्या जाणाऱ्या अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या मूत्रपिंड दुबळे असणाऱ्यांना जपून द्याव्या लागतात. युव्हिआयटिससाठी स्टिरॉइडच्या गोळ्या लागल्या तर मधुमेह्याची साखर उसळते, तेव्हा इन्सुलिनचा हिशेब बदलावा लागतो. डॉक्टरांना माहीत असेल तर या प्रत्येकावर पर्याय असतो. माहीत नसेल तर एक दुखणे बरे करताना दुसरे उठते.

उलट बाजूनेही हेच. अरुंद कोनाच्या डोळ्यांत दम्याच्या नेब्युलायझरमधल्या आयप्राट्रोपियमची वाफ सैल मास्कमधून डोळ्यांत गेली तर झटका येऊ शकतो. सर्दीची काही औषधे, वारंवार लघवी होण्यावरची काही औषधे, नैराश्यावरच्या जुन्या प्रकारच्या काही गोळ्या यांनीही तो येऊ शकतो. अर्धशिशी व अपस्मारावरच्या टोपिरामेटने क्वचित दोन्ही डोळ्यांचा दाब एकदम चढतो. यावरून कोणी आपली औषधे मनाने बंद करू नयेत. त्यात दुप्पट धोका आहे. औषधांची यादी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावी, इतकेच.

त्यासाठी फाईलच्या पहिल्या पानावर एक कागद लावून ठेवा. आजारांची नावे व किती वर्षांपासून, चालू औषधे आणि मात्रा (पंप, इन्सुलिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि वैद्यांचे चूर्ण धरून), कशाची अॅलर्जी, डोळ्याची कोणती शस्त्रक्रिया कधी, नेहमीच्या डॉक्टरांचा फोन. त्याचा फोटो दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. घाईत फाईल सापडली नाही तरी फोन हातात असतो.

प्रत्यक्ष वेळ आली तर

आधी एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कालनिर्णयातली तारीख वाचायला सांगा. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईटाची उणीव झाकतो. काल दिसत होते आणि आज दिसत नाही, हे कळले की पुढचा वाद संपतो.

डॉक्टरांना फोन करताना ‘डोळा आलाय’ किंवा ‘डोके दुखतेय’ असे मोघम सांगू नका. कोणता डोळा, किती वाजता सुरू झाले, नजर किती कमी झाली, उलटी झाली का, उजेडाने त्रास होतो का, आजार कोणते, एवढे सांगा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दुखू लागले असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. त्यात आत जंतुसंसर्गाची शक्यता असते आणि एकेक तास मोलाचा असतो.

कपाटातले जुने थेंब घालू नका. विशेषतः स्टिरॉइडचे. त्याने लाली उतरते आणि बरे वाटते, पण बुबुळावर बुरशीची किंवा नागीण-वर्गातल्या विषाणूची जखम असेल तर ती आतून पसरते. उसाचे पान किंवा भाताचे तूस लागून झालेल्या जखमांत हे फार घडते. मध, एरंडेल, आईचे दूध, गुलाबपाणी यांपैकी काहीही नको. डोळा चोळू नका, घट्ट पट्टी बांधू नका. अपवाद एकच : चुना, अॅसिड किंवा सफाईचे द्रव उडाले असेल, तर कोणालाही फोन करण्याआधी नळाच्या स्वच्छ पाण्याने डोळा भरपूर वेळ धूत राहा आणि मगच निघा.

चष्म्याचे दुकान म्हणजे नेत्रतज्ज्ञ नव्हे; तिथे नंबर मिळेल, दाबाचा इलाज मिळणार नाही. जवळ नेत्रतज्ज्ञ नसतील तर जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठा आणि अपघात विभागात ‘नेत्रविभागाच्या डॉक्टरांना बोलवा’ असे स्पष्ट सांगा. वाहन नसेल आणि प्रकृती ढासळत असेल तर महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. मधुमेही उलट्या करीत असेल, जेवला नसेल, तर इन्सुलिनचे काय करायचे हे फोनवर विचारून घ्या. बरोबर साखर ठेवा. शेवटचे कधी खाल्ले ते लक्षात ठेवा, शस्त्रक्रिया लागली तर विचारतील.

तपासून ‘काही विशेष नाही’ असे निघाले तर? तर उत्तमच. फेरी फुकट गेली म्हणून आजारी माणसाला टोमणा मात्र मारू नये. पुढच्या वेळी तो गप्प बसेल आणि नेमकी तीच वेळ खरी निघेल.

शेवटी एक इशारा. दुखणारा डोळा निदान हाक तरी मारतो. मधुमेहाने झिजणारा पडदा, हळूहळू वाढणारा काचबिंदू, संधिवात झालेल्या लहान मुलांच्या डोळ्यांतली सूज, क्षयाच्या इथॅम्ब्युटॉल गोळीने क्वचित मंदावणारी नजर, यांतले काहीही बहुधा दुखत नाही. म्हणून डोळा दुखत नसतानाची तपासणी हीच खरी शहाणपणाची. मधुमेह्याने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. त्याच वेळी ‘माझ्या डोळ्यांचा कोन अरुंद आहे का?’ एवढा एक प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर फाईलच्या त्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.